घरांतील स्त्रीची झोंप आणि सुगंधोपचार

शेतकीच्या मासिकांत भाताचीं बियाणीं, खतें, बांधबंदिस्ती आणि गुरांचे रोग यांवर लेख यावयाचे. त्यांत स्त्रियांची पाळी जाण्याचा काळ आणि सुगंधी तेलें यांवरील लेख पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल, व कांहींस संकोचही वाटेल. परंतु मीं हा विषय जाणूनबुजून येथेंच मांडला आहे. लावणी, बेणणी, कापणी, गुरांचें शेणपाणी आणि त्यावर दोन वेळचा स्वयंपाक, हीं कामें मुख्यतः कोणाच्या हातांवर चालतात हें आपण सर्व जाणतों. बैलानें दोन दिवस वैरण टाकली तर आपण गुरांच्या डॉक्टरांकडे धांवतों. पण घरांतील पंचेचाळीस-पन्नास वर्षांची बाई महिनेच्या महिने रात्रीं झोंपत नाहीं, हें आपल्या गांवींही नसतें. मग तिच्या चिडचिडीस आपण स्वभाव म्हणतों, थकव्यास आळस म्हणतों आणि विसरण्यास हयगय म्हणतों.

मी वैद्य नाहीं किंवा डॉक्टर नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून नुकताच सेवानिवृत्त झालों आहें. राहणार द्रोणागिरीच्या डोंगराजवळचा. हा भाग आज उरण तालुक्यांत मोडतो. पूर्वीं उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पेटा होता. घरची कांहीं भातजमीन नव्या मुंबईच्या संपादनांत गेली, थोडी राहिली, तीच आतां कसतों. नोकरींत असतां वारसनोंदी, हिस्सेवांटप आणि मोबदल्याचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून जात. त्या कामांसाठीं गांवोगांवच्या बाया येत. पुष्कळजणी याच वयाच्या. पदरानें वारा घेत बसलेल्या, मध्येंच घामानें निथळलेल्या, सांगितलेली तारीख विसरून दुसऱ्याच दिवशीं आलेल्या. मीं त्यांस किती वेळां तोडून बोललों असेन याची आज लाज वाटते. आमच्या नोंदवह्यांत बाईचें नांव, वय, नातें आणि हिश्श्याचे आणे-पै यांस रकाने होते. तिच्या रात्री कशा जातात याला रकाना नव्हता, आणि माझ्या मनांतही तो नव्हता.

तो रकाना माझ्या घरींच उघडला. २०२१ सालच्या पावसाळ्यांत एका रात्रीं दोनच्या सुमारास मला जाग आली. कुटुंब अंथरुणावर नव्हतें. बाहेर पाहतों तों ती ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली; लुगडें घामानें ओलें. मीं विचारलें, "अग, अशी अपरात्रीं काय बसलीस?" ती म्हणाली, "अहो, आंत जीव राहत नाहीं. अंगांतून वाफा निघाल्यासारखें होतें. वर्ष झालें असें होतेंय." एक वर्ष! त्याच घरांत, त्याच छपराखालीं मी झोंपत होतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच बाई गुडघाभर चिखलांत वांकून लावणी करीत होती.

या काळांत शरीरांत काय होतें तें थोडक्यांत सांगतों. स्त्रीच्या बीजकोशांतून निघणाऱ्या इस्ट्रोजेन नांवाच्या द्रव्याचें प्रमाण पाळी जाण्याच्या आधींचीं कांहीं वर्षें कमीजास्त होऊं लागतें. मेंदूंत शरीराची उष्णता राखणारें जें केंद्र आहे तें त्यामुळें फार हळवें बनतें. हवेंत किंवा अंगांत थोडासा फरक पडतांच तें खूप उकडत असल्याची खूण देतें. कातडीकडे रक्त धांवतें, चेहरा व छाती तापते, घाम सुटतो, आणि दोन-चार मिनिटांनीं हुडहुडी भरते. हेंच रात्रीं तीन-चार वेळां झालें म्हणजे झोंपेचे तुकडे होतात. छातींत धडधड, सांधेदुखी, उदासपणा, विसरभोळेपणा हींही लक्षणें येतात. सलग बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे ती गेली असें वैद्यकशास्त्र मानतें. पाश्चात्य देशांत हें सरासरी एक्कावन्नाव्या वर्षीं घडतें. आपल्या देशांत त्याच्या बरेंच आधीं, शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास. कोणास हा त्रास वर्षभर होतो, तर कोणास सात-सात वर्षें पुरतो. हा रोग नव्हे. वयाचा धर्म आहे. परंतु धर्म असला तरी त्रास हा त्रासच.

आतां सुगंधोपचाराकडे वळूं. याला शहरांत अरोमाथेरपी म्हणतात. हें नांव फ्रान्समधील गात्तफोसे या रसायनज्ञानें रूढ केलें. त्याचें त्या नांवाचें पुस्तक १९३७ सालीं निघालें. फुलें, पानें, मुळ्या यांतून वाफेच्या साह्यानें काढलेलीं तेलें हुंगणें, किंवा साध्या तेलांत मिसळून अंगास चोळणें, एवढाच त्याचा अर्थ. नांव नवें असलें तरी वस्तु आपल्यास परकी नाहीं. वाळ्याचे पडदे, चंदनाचें गंध, माठांतील मोगरा आणि निजतांना तळपायांस तेल हें आपल्या आज्यांचें नित्याचें होतें.

याचा उपयोग होतो काय? प्रामाणिक उत्तर असें आहे कीं, थोडा होतो; आणि जो होतो तो मुख्यतः झोंपेवर व मनाच्या स्वस्थतेवर होतो. नाकांतील वासाच्या मज्जातंतूंचा संबंध मेंदूंतील भावना व आठवणी यांच्या केंद्रांशीं फार जवळून जोडलेला आहे. म्हणून एखाद्या वासानें माणूस क्षणांत शांत होतो, किंवा त्याला बाळपण आठवतें. या काळांतील स्त्रियांवर लव्हेंडर वगैरे तेलांचे प्रयोग इराण, कोरिया या देशांत झाले आहेत. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या इराणमधील एका प्रयोगांत नव्वद स्त्रियांचे तीन गट केले होते. एकाला सुगंधी तेलानें चोळलें, दुसऱ्याला बिनवासाच्या तेलानें, आणि तिसऱ्याला कांहींच केलें नाहीं. सुगंधी तेलाच्या गटाला सर्वांत अधिक आराम पडला. पण वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं बिनवासाच्या तेलाच्या गटालाही आराम पडला. म्हणजे गुण नुसत्या वासाचा नाहीं. कोणी तरी आपल्यासाठीं वेळ काढला, अर्धा तास हातपाय चोळून दिले, त्या वेळांत आपल्याला कोणी हांक मारली नाहीं, याचाही तो गुण आहे.

असे प्रयोग लहान आहेत, आणि त्यांत एक अडचण मुळांतच आहे: औषधाची गोळी खरी कीं खोटी हें रोग्यापासून लपवितां येतें, वास मात्र लपवितां येत नाहीं. म्हणून अंगांतून येणाऱ्या वाफा सुगंधानें निश्चित थांबतात असें कोणी छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं. हाडांची झीज किंवा अतिरक्तस्राव यांवर तर सुगंधाचा कांहींएक उपाय चालत नाहीं. हें मी पुस्तकांतलें सांगत नाहीं; यांत माझा हात पोळला आहे.

त्या रात्रीनंतर मीं खटपट सुरू केली. एका दुकानदारानें लहानशी बाटली दीड हजार रुपयांस दिली आणि सांगितलें कीं, पाळीच्या सर्व तक्रारी यानें जातात. रोज रात्रीं उशीवर दोन थेंब टाकूं लागलों. खोटें कशाला सांगूं, पंधरा दिवसांत तिची झोंप थोडी सुधारली. मला वाटलें कीं रोग हातीं आला. त्याच सुमारास तिला पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस राहूं लागली, आणि जाणेंही फार. शेजारणी म्हणाल्या, जातांना असें होतेंच. मीही म्हटलें, वय आहे, आणि बाटली आहेच. चार महिने असे गेले. एके दिवशीं पाण्याचा हंडा उतरतांना तिला घेरी आली आणि ती पडली. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन बाराच्या जागीं सात निघालें. सोनोग्राफींत गर्भाशयांत गांठ दिसली. दैव बरें, गांठ साधी होती; औषधें आणि लोहाचीं इंजेक्शनें यांवर भागलें. डॉक्टरीण बाई मला म्हणाल्या, "झोंपेसाठीं वास घेतलात तें चांगलें केलेंत. पण वासावर विसंबून चार महिने घालविलेत तें वाईट केलेंत." हा एक शेरा मीं कायमचा मनांत नोंदवून ठेवला आहे, आणि या लेखाचें सारही तेंच आहे.

आमच्या द्रोणागिरीची कथा सर्वांस ठाऊक आहे. मारुतिराय संजीवनीचा डोंगर घेऊन लंकेस जात असतां त्याचा एक तुकडा येथें पडला अशी लोकांची समजूत. त्यामुळें आमच्याकडे झाडपाल्यावर भरंवसा मोठा. भरंवसा वाईट नव्हे. परंतु त्याच कथेंत असेंही आहे कीं मारुतिरायास नेमकी वनस्पति ओळखतां आली नाहीं, म्हणून त्यानें सबंध डोंगर उचलला. ओळखणारा सुषेण वैद्य लक्ष्मणाच्या उशाशीं होता, म्हणून त्या डोंगराचा उपयोग झाला. आपण मात्र पाला घेतों, बाटली घेतों, आणि सुषेणास विचारावयास विसरतों.

ही मर्यादा मान्य करून, आपल्या घरीं काय करतां येईल तें सांगतों. त्यास दीड हजारांची बाटली लागत नाहीं.

मोगऱ्याचें एक झाड परसांत असलें तर उन्हाळाभर फुलें मिळतात. लव्हेंडरमध्यें जें लिनालूल नांवाचें सुगंधी द्रव्य आहे तें मोगऱ्यांतही असतें. तिन्हीसांजेला ओंजळभर कळ्या वाटींत घालून उशाशीं ठेवाव्या. वाळ्याचे ठोंब बांधाच्या उतारावर लावावे. मुळें खोल जाऊन बांध धरून ठेवतात, थोडा खारेपणाही सोसतात, हा शेतीचा फायदा वेगळाच. दीड वर्षानें मुळें काढून त्यांची जुडी पाण्यांत भिजवून खिडकींत टांगली म्हणजे येणारी हवा थंड व सुवासिक होते. अंगांत वाफा येणाऱ्या बाईस थंड खोली ही निम्म्या औषधाच्या ठिकाणीं आहे. गवती चहाचे दोन ठोंब मोरीच्या पाण्यावरही वाढतात. पावसाच्या आरंभीं लावले तर चार-पांच महिन्यांत पहिली कापणी येते. संध्याकाळीं नेहमींच्या चहाऐवजीं गवती चहाचा नुसता काढा द्यावा, त्यांत चहाची पूड घालूं नये. दुपारनंतरचा चहा हा झोंपेचा उघड शत्रु आहे, आणि आपल्या घरांतून तो रात्रीं आठ वाजेपर्यंत चालतो.

तेल विकत घ्यावयाचें झाल्यास तें कधींही निव्वळ अंगास लावूं नये. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारें ३० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलांत बारा थेंब पुरेत. हें शेंकडा दोन या प्रमाणांत बसतें. आधीं मनगटावर थोडेसें लावून एक दिवस पाहावें. गवती चहाचें तेल कातडीस झोंबतें, त्याचा वासच घ्यावा. लिंबाच्या सालीचें तेल लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजते. कोणतेंही तेल पोटांत घेऊं नये. कापूर आणि निलगिरीचें तेल लहान मुलाच्या पोटांत गेल्यास झटके येतात, म्हणून बाटल्या उंच ठेवाव्या. दमा किंवा फेंफरें असणाऱ्या माणसाच्या खोलींत डॉक्टरांस विचारल्याशिवाय उग्र वास करूं नये. ज्या वासानें बाईचें डोकें उठतें तो वास कितीही प्रसिद्ध असला तरी तिच्या कामाचा नाहीं. निवड तिची असावी, आपली नसावी.

शेतकरी म्हणून आणखी एक इशारा देतों. सुगंधी पिकांच्या नांवावर रोपें विकणारे लोक हल्लीं गांवोगांव फिरतात. लव्हेंडर हें थंड व कोरड्या हवेचें झाड आहे. जम्मूच्या डोंगरी भागांत, भदरवाहकडे, केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या साह्यानें तेथील शेतकऱ्यांनीं मक्याऐवजीं तें लावलें व त्यांस पैसा झाला, ही गोष्ट खरी. पण आमच्या खाडीकांठच्या दमट हवेंत व पावसांत तें टिकावयाचें नाहीं. आपल्या महाराष्ट्राचें खरें जुनें सुगंधी पीक म्हणजे खानदेशांतील रोशा गवत. त्याचें तेल तेथें पिढ्यान्पिढ्या काढीत आले. गवती चहाचें तेल ताज्या गवताच्या वजनावर शेंकड्याला अर्ध्या भागाच्या आसपासच निघतें. म्हणजे शंभर किलो गवत कापून, वाहून, भट्टींत घालून सुमारें अर्धा किलो तेल. भट्टी, जळण व गिऱ्हाईक हीं तिन्ही जवळ असल्याशिवाय एकट्या शेतकऱ्यानें त्यांत पडूं नये. परसांतले चार ठोंब ही वेगळी गोष्ट. तीं घरासाठीं आहेत.

आतां सुगंध बाजूला ठेवून झोंपेचा विचार करूं. कारण जी बाई झोंपत नाहीं तिच्या झोंपेच्या वाटेंत आपणच किती धोंडे घातले आहेत तें पाहिलें पाहिजे. आमच्या भागांत १९८९ सालीं न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें तेव्हांपासून रात्र म्हणून राहिली नाहीं. ट्रेलर रात्रभर धांवतात, दिव्यांचा उजेड खिडकींतून तोंडावर येतो. हें आपल्याला बंद करतां येणार नाहीं. पण खिडकीला जाड पडदा लावतां येतो आणि बाईचें अंथरूण रस्त्याकडील खोलींतून आंत नेतां येतें. पंखा कोणाच्या डोक्यावर असावा, याचाही विचार व्हावा. बहुतेक घरांत तो पुरुषाच्या खाटेवर असतो. ती पहांटे चारला उठते ती पाण्यासाठीं. पाणी भरण्याची पाळी आठवड्यांतून तीन दिवस मुलानें घेतली तर घराण्याची अब्रू जात नाहीं. रोज ठराविक वेळीं निजणें, रात्रीं जड व तिखट जेवण टाळणें, सैल सुती कपडे, आणि तंबाखूची मिश्री सोडणें, यांचाही उपयोग होतो. मिश्रींत तंबाखू असते, व तंबाखू झोंप मोडते. ही गोष्ट आमच्या बायांस कोणी सांगत नाहीं.

डॉक्टरांकडे केव्हां जावें हें घरांतील प्रत्येक पुरुषास पाठ असावें. पाळी सात-आठ दिवसांहून अधिक राहिली, गांठी पडूं लागल्या, दोन पाळ्यांच्या मध्यें रक्त गेलें, तर थांबूं नये. बारा महिने पाळी बंद राहून पुन्हां एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यांत तपासणी करावी. त्यामागें कधींकधीं कर्करोग असतो, आणि वेळेवर सांपडला तर तो बरा होतो. चाळिशीच्या आंत पाळी गेली, छातींत दुखूं लागलें, किंवा बाई सारखी रडते, जगणें नको म्हणते, तर तेंही डॉक्टरांचेंच काम. उरणास ग्रामीण रुग्णालय आहे, पनवेलीस उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागेस जिल्हा रुग्णालय आहे. वाफा फार असह्य झाल्या तर त्यांवर हॉर्मोनचीं औषधें आहेत व तीं गुणकारी आहेत. मात्र स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा विकार असलेल्या स्त्रीस तीं चालत नाहींत. म्हणून तीं शेजारणीच्या सांगण्यावरून घ्यावयाचीं नसतात.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक आहे. कटकट नको म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याची. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणीच्या स्त्रियांची पाहणी २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीपुढें आली. तींत सुमारें ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकीं १३,८०० हून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. पुष्कळजणी ऐन तारुण्यांतल्या. तोडणीचा खाडा पडूं नये, मुकादमाचा दंड बसूं नये, या धाकानें कित्येकींनीं हें केलें. गर्भाशयाबरोबर बीजकोश काढले तर पाळी जाण्याचा सर्व त्रास एका दिवसांत अंगावर कोसळतो, आणि हाडें लवकर झिजतात. जेथें खरोखरच गरज असेल तेथें शस्त्रक्रिया केलीच पाहिजे. पण दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्याशिवाय त्या कागदावर सही करूं नये. जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं आपण चार जणांस विचारतों; हा तर देहाचा कागद आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील हें मी जाणतों. वडीलधारे म्हणतील कीं, आमच्या आयांनीं हें सर्व मुकाट्यानें सोसलें, त्यांचें काय अडलें? त्यांस मी नम्रपणें विचारतों कीं, काय अडलें हें आपण त्यांस कधीं विचारलें होतें काय? माझी आई या वयांत रात्री अंगणांत फेऱ्या घालीत असे. आम्ही मुलें म्हणत असूं, आईला झोंप कमीच लागते. ती गेली तेव्हां तिच्याबरोबर तें उत्तरही गेलें. दुसरीकडे, शिकलेलीं तरुण मंडळी म्हणतील कीं, सुगंधाचें हें सर्व थोतांड आहे, सिद्ध झालेलें औषध तेवढें घ्यावें. त्यांस माझें सांगणें असें कीं, ज्या उपायास खर्च नाहीं, जपून केल्यास अपाय नाहीं, आणि ज्यानें थकलेल्या बाईस निजण्यापूर्वीं अर्धा तास स्वतःचा मिळतो, त्यास थोतांड म्हणण्याची घाई करूं नये. थोतांड तेथें सुरू होतें जेथें बाटली विकणारा सर्व रोग बरे करण्याची हमी देतो, आणि आपण ती हमी खरी मानून दवाखान्याची वाट सोडतों.

आमच्या घरीं आतां रिवाज असा आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर भांडीं सून आणि मुलगा मिळून उरकतात. उन्हाळ्यांत मोगरा, एरव्हीं वाळ्याची ओली जुडी खिडकींत असते. तळपायांस तेल लावण्याचें काम मीं पत्करलें आहे. प्रथम ती फार संकोचली, म्हणाली, "लोक काय म्हणतील? तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा?" मीं म्हटलें, या पायांनीं माझ्या शेताचा चिखल तीस वर्षें तुडविला आहे. आतां ती बहुतेक रात्री सलग पांच-सहा तास झोंपते. वाफा अजून येतात, पण कमी. यांतलें किती मोगऱ्याचें, किती लोहाचें, आणि किती नुसत्या विचारपुशीचें, हा हिशेब मला मांडतां येत नाहीं, आणि तो मांडण्याची मला गरजही वाटत नाहीं.

खरिपाच्या तयारीस लागण्यापूर्वीं आपण बियाणें तपासतों, औत-नांगर नीट करतों, बांधांचीं भगदाडें बुजवितों. त्याच वेळीं घरांतील पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईस एक प्रश्न विचारावा: रात्रीं झोंप लागते काय? उत्तर ऐकून घ्यावें, मध्यें बोलूं नये. तिला रक्ताची एक तपासणी करून आणावी. आणि येतांना मोगऱ्याचें एक रोप आणून तिच्या खिडकीखालीं लावावें. एवढें प्रत्येक वाचकानें या पावसाळ्यापूर्वीं केलें तर या लेखाचे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.